न पुसलेले बेचाळीस

बोटाला काहीतरी चावलं तेव्हा तिला आधी वाटलं, मुंगी असेल. मग लक्षात आलं, या हॉलमध्ये एकोणीस वर्षांत आपण एकही मुंगी पाहिलेली नाही. उजव्या हातमोज्याची शिवण तर्जनीच्या टोकाशी उसवलेली होती आणि तेवढ्याच उघड्या चामडीवर टच्‌ असा आवाज झाला होता, वाळकी काडी मोडल्यासारखा. हातातला इन्सुलेटर तिने टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला, याचं तिला त्याही क्षणी थोडं बरं वाटलं, कारण आत काळजाचं पार पाणी झालं होतं. तपकिरी राळेचा ओतीव तुकडा, मनगटाएवढा जाड, वीतभर लांब, दोन्ही टोकांना पितळेची टोपी. दिसायला गरीब बिचारा. मिनिटापूर्वी जाळीपलीकडच्या त्या उंच यंत्रातून त्याला विजेचा पूर्ण दाबाचा एक शॉट दिलेला होता, आकाशातल्या विजेची नक्कल म्हणावी असा, आणि तो त्याने मुकाट्याने सोसला होता. नंतर वायरमनकाकांनी नियमाप्रमाणे लांब काठी घेऊन त्याची दोन्ही पितळी टोकं जमिनीला जोडली होती. म्हणजे टोकं मेलेली होती. अंग जिवंत होतं.

"चावलं का, ताई?" वायरमनकाका हसत म्हणाले. लॅबमध्ये सगळे तिला ताईच म्हणत, तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठे असलेले काकासुद्धा. "काठी मी नीट लावली होती बरं का. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

"टोकांचं नाही, काका. मधल्या अंगावरचं आहे. स्पिरिटने पुसायच्या आधीच मी हात लावला. माझंच चुकलं."

"आणि त्या आठवड्यात बेचाळीसच्या बेचाळीस न पुसता उचलले आपण, तेव्हा एकदाही चावला नाही मेला. हातमोजे नवे होते ना." काका स्पिरिटची बाटली शोधायला वळले. त्यांनी ते सहज म्हटलं होतं, पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं तसं. ती मात्र टेबलाची कड धरून उभी राहिली. कोणता आठवडा, असं विचारायची गरज नव्हती. तिच्या डोक्यात एकच 'तो आठवडा' होता, तीन महिन्यांपूर्वीचा, आणि त्याच्यात हा हॉल कुठेच नव्हता. त्यात दवाखान्याचा हिरवट रंगाचा लांब बोळ होता, बाकाची सैल झालेली फळी होती, काचेपलीकडे आईचं वाकडं झालेलं तोंड होतं. पण हॉलही होताच की. सकाळी नऊ ते दुपारी दोन ती इथेच होती. मोठं काम अडलं होतं, लॅबचे साहेब रोज विचारत होते, बेचाळीस तुकडे चार दिवसांत संपवायचे होते. आणि पहिल्याच सकाळी तिनेच काकांना म्हटलं होतं, "राहू द्या हो पुसायचं, वेळ नाही." आता तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तिचाच होता. त्यात भीतीचा लवलेश नव्हता.

हेच तिला पटेना. कारण भीती हा तर तिचा धंदा होता. लहानपणी हिवाळ्यात आई तिच्या डोक्यावरून स्वेटर ओढून काढायची तेव्हा केसांत चटचट आवाज व्हायचा, दिवा मालवलेला असला तर निळसर ठिणग्याही दिसायच्या, आणि ती किंचाळून पलंगाखाली शिरायची. आई हसून हसून बेजार व्हायची. भित्री भागूबाई हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. शाळेत, कॉलेजात, सगळीकडे. आणि मग सगळ्यांच्या नाकावर टिच्चून तिने उच्च दाबाच्या विजेचाच विषय घेतला. लोकांना वाटलं, पोरगी धीट झाली. धीट कसली! ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ फिरवून बसण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं, एवढंच त्यात होतं. एकोणीस वर्षांत तिच्या हॉलमध्ये कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, तो तिच्या हुशारीमुळे नव्हे. प्रत्येक दार तिने तीनदा ओढून पाहिलं होतं म्हणून. प्रत्येक वायर जिवंत आहे असं धरूनच ती चालली होती. राळेसारख्या वस्तूच्या अंगावर बसलेला विद्युतभार तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस तिथून हलत नाही हे तिने किती नव्या माणसांना शिकवलं होतं! धातूवरून तो वाहून जातो, कारण धातूला वाट असते. राळेला वाट नसते. तिथे जो बसला तो बसला. काठी लावा, नाहीतर हात जोडा, त्याला ऐकू येत नाही. त्याला स्पिरिटने पुसायचं, वीस मिनिटं वाळू द्यायचं आणि मगच पुढचा शॉट. नाहीतर तो पुढच्या शॉटमध्ये लुडबुड करतो. शॉट उलट्या जातीचा असेल, बसलेला भार धन आणि शॉट ऋण, तर तो भार त्याला हात देतो, आणि तुकडा टिकायला हवा त्याच्या कितीतरी आधी ठिणगी त्याच्या अंगावरून सरसर सरकत या टोपीपासून त्या टोपीपर्यंत जाते. आणि शॉट त्याच जातीचा असेल तर…

तर तो त्याला अडवतो. तुकड्याची बाजू घेतो. खालून वर चढत गेलं, आधी अर्धा दाब, मग पाऊण, मग पूर्ण, आणि मध्ये पुसलं नाही, तर प्रत्येक शॉट अंगावर आपल्या जातीचा थोडा भार ठेवून जातो आणि पुढच्या शॉटला तोच भार थोपवून धरतो. मग कच्चा तुकडाही पक्का दिसतो. पास होतो.

"ताई, खुर्ची देऊ का?" काका म्हणाले. तिच्या तोंडाचा रंग उडाला असावा.

"नको. काका, त्या बेचाळिसांबरोबर आलेला एक जादा नमुना आपल्याकडे राहिला असेल ना?"

"असेल की. कपाटात. का बरं?"

तिने रजिस्टर उघडलं. तिचंच अक्षर होतं, त्या आठवड्यातसुद्धा गोलच गोल, नीटस. 'पुसले' या रकान्यात बेचाळीस आडव्या रेघा होत्या. बरोबरची खोटी खूण तिने कुठेही केलेली नव्हती. जे केलं नाही ते केलं नाही असंच लिहिलं होतं आणि खाली सही करून रिपोर्ट पाठवून दिला होता, आणि कुणी पाहिलं नव्हतं, कारण ताईंच्या कागदात काय पाहायचं? त्या चार दिवसांत ती जाळीचं दार एकदा ओढून, न बघता आत जात होती. खिशातल्या फोनवर हात ठेवून शॉट देत होती. काचेपलीकडचं ते तोंड आणि डॉक्टरांचं 'बघू या' यातच तिची सगळी भीती खर्ची पडली होती. इथे यायला काही उरलीच नव्हती. त्या आठवड्यात ती आयुष्यात पहिल्यांदा विजेला भ्याली नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

नमुना मिळाला. दुपारचं जेवण दोघांनीही केलं नाही. आधी तिने तो त्या आठवड्यासारखाच तपासला. अर्धा दाब, पाऊण, पूर्ण, मध्ये पुसणं नाही. प्रत्येक शॉटला हॉल बंदुकीसारखा दणाणला, प्रत्येक शॉटला तुकडा टिकला. मग तिने काकांना झेरॉक्स यंत्रातली काळी पूड आणायला सांगितली. तुकडा चिमट्यात धरून त्यावर ती पूड हलकेच भुरभुरवली आणि फुंकर घातली. बाकीची पूड उडून गेली. जी राहिली तिची एका टोपीपासून निघालेली झाडं झाली, बारीक फांद्यांची, फांद्यांना फाटे, फाट्यांना केस. सुंदर होती ती. काका जवळ येऊन वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी हे पाहिलं नव्हतं.

"बाप रे," ते हळूच म्हणाले. "म्हणजे हे सगळं तेव्हाही होतं?"

"प्रत्येकावर."

"आणि आपण त्याच्यावरच शॉट देत गेलो."

"मी देत गेले. तुम्ही पुसायला निघाला होतात."

काकांनी तुकडा पुसला, दोनदा पुसला, स्पिरिटचा वास हॉलभर झाला. वीस मिनिटं दोघं घड्याळाकडे बघत बसली. या वेळी तिने चढत जायचं नाही असं ठरवलं होतं. स्वच्छ अंगावर एकदम पूर्ण दाब, नियम सांगतो तसा. जाळीबाहेर उभं राहून तिने बटणावर बोट ठेवलं आणि मनात म्हटलं, टिक. कुणाला म्हटलं ते तिला ठाऊक नाही. बटण दाबलं. पांढरा उजेड पडला, आणि तुकड्याच्या अंगावरून ठिणगी एका टोपीपासून दुसरीपर्यंत वेडीवाकडी धावली, इतक्या सहज, जणू वाट रोजचीच. मग ओझोनचा तो वास आला. तिने पुन्हा पुसला, पुन्हा थांबली, पुन्हा दिला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काकाच म्हणाले, "पुरे ताई. कळलं."

रिपोर्टवर गिऱ्हाइकाचा पत्ता होता. शहराला पाणी देणारं पंपिंग स्टेशन, नवं स्विचघर. फोन उचलायला बराच वेळ लागला.

"हॅलो, पंपिंग." पन्नाशीच्या माणसाचा घोगरा, आनंदी आवाज. मागे मोटारींची घरघर. तो तिथला ऑपरेटर होता.

"मी टेस्टिंग लॅबमधून बोलतेय. तुमच्या नव्या पॅनेलमधले इन्सुलेटर मी तपासले होते."

"अस्सं! छान तपासलेत. तीन महिने झाले, कसली कुरकुर नाही."

"त्या खोलीत कोणी बसतं का?"

"मीच बसतो की. टेबल आहे माझं, तीन नंबरच्या पॅनेलकडे पाठ करून. ऊब येते हो मागून. कंबर शेकून निघते." तो हसला. "का बरं?"

रिसीव्हर तिच्या कानाला चिकटला होता. तिला ती खोली दिसली, तिने कधीही न पाहिलेली. खुर्चीची पाठ, मागे लोखंडी दार, दारामागे अंधारात ओळीने बसलेले तपकिरी तुकडे, आणि त्यांच्या आणि एका जाड, गप्पिष्ट माणसाच्या कमरेच्या मध्ये एका पत्र्याएवढं अंतर. "फीडर बंद-चालू कधी करता?" तिने विचारलं.

"दर बुधवारी अकराला. एका लायनीवरून दुसऱ्या लायनीवर. म्हणजे उद्याच."

बंद-चालू करतानाच. बंद केलं की पॅनेलमधली वीज वाहणारी दांडी, जी हे तुकडे पेलतात, तिच्यावर भार अडकून राहतो, तुकड्यांच्या अंगावर चढून बसतो, आणि चालू करताना उलटा धक्का आला की तो त्याला हात देतो. पक्क्या तुकड्याला त्याचं काही वाटत नाही. कच्च्यावरून ठिणगी धावते, आणि मग अख्खं पॅनेल फुटतं…

"उद्या करू नका," ती म्हणाली.

"मॅडम, मी कोण नाही म्हणणारा? मला वरून लेखी लागतं."

"मी सकाळी लेखी घेऊन येते. पण आज तुम्ही त्या खोलीत बसू नका. दारात बसा, बाहेर बसा, कुठेही."

मोटारींची घरघर काही वेळ तशीच चालू राहिली. "मॅडम," तो म्हणाला, आणि आवाजातला आनंद गेला होता, "तुम्ही मला घाबरवताय."

"हो," ती म्हणाली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते. त्यांनी स्वतः उठून दार लावलं, बसले, चष्मा काढला, घातला. "एका तुकड्यावरून बेचाळिसांचं ठरवतेस?"

"बेचाळिसांचं आधीच ठरवलं होतं, साहेब. न पुसता."

"तीन महिने चालू आहेत ते. एक तक्रार नाही."

"तक्रार करायला माणूस उरला तर करेल ना."

साहेबांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी असं बोलली नव्हती. त्यांच्या हातातल्या पेनाचं टोपण निघत होतं आणि बसत होतं, निघत होतं आणि बसत होतं, आणि तिला कळलं की हाही माणूस घाबरलाय, फक्त याची भीती दुसऱ्या जागी आहे. "पत्र गेलं की लॅबवर चौकशी येईल," ते म्हणाले. "तुझी सही करायची परवानगी जाईल. मी वाचवू शकणार नाही. पाठवू नको असं मी म्हणत नाही, हे लक्षात ठेव. उद्या दुपारी शांतपणे बोलू, एवढंच म्हणतोय."

"बंद-चालू उद्या अकराला आहे."

त्यांनी टोपण पेनावर घट्ट बसवलं.

"माझ्या सहीने दिलेला रिपोर्ट माझ्या सहीने परत घेता येतो का?"

"येतो," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले.

घरी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. डावा हात अजून नीट चालत नव्हता, म्हणून टॉवेलाचं एक टोक ती हनुवटीखाली धरायची. ते बघवत नसे, आणि मदतीला गेलं तर आई फटकन हात मारायची. तिने पत्राचा कच्चा कागद टेबलावर पसरला आणि तीच ओळ चार वेळा लिहिली. 'कळवण्यास खेद होतो' खोडलं. 'अनवधानाने' खोडलं. अनवधान कसलं, सांगूनसवरून केलं होतं. रस्त्यावरून एखादी गाडी जोरात गेली की तिचे खांदे वर जात होते. फ्रिज सुरू झाला तशी ती दचकली. आईने टॉवेल खाली ठेवला.

"काय झालंय?"

"काही नाही."

"तुझं काही नाही मला पाठ आहे. बोल."

ती बोलली. पुसणं, थांबणं, तीन नंबरचं पॅनेल, कंबर शेकणारा माणूस, सगळं. आईला त्यातलं निम्मं कळलं असेल, पण नेमकं निम्मं कळलं. तिचं तोंड अजून किंचित वाकडंच होतं, त्यामुळे ती रडणार आहे की रागावणार आहे ते समजत नसे. "म्हणजे मी दवाखान्यात होते म्हणून," आई म्हणाली.

हेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून ती दुपारपासून जीव मुठीत धरून होती. "नाही. मी घाबरले नाही म्हणून."

"तू घाबरली नाहीस? अगं, त्या दारात पान थरथरावं तशी उभी होतीस. मला बोलता येत नव्हतं, दिसत होतं."

"तिथे घाबरले, आई. लॅबमध्ये घाबरायचं राहून गेलं."

आईने उजव्या हाताने तिचं चावलेलं बोट धरलं, उलटसुलट करून पाहिलं. काही दिसण्यासारखं नव्हतंच. "नोकरी जाईल?"

"जाईलही."

"बरं," आई म्हणाली. "लिही मग. सोपं लिही. आडवळणं घेऊ नकोस."

सकाळी ती साडेनवाला पंपिंग स्टेशनवर पोचली. तिथले इंजिनिअर सडपातळ, झोप न झालेले, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. पत्रात चारच ओळी होत्या: मी हे तुकडे मध्ये पुसले नाहीत, त्यामुळे निकाल विश्वासार्ह नाही, माझा रिपोर्ट मी परत घेते, तुकडे काढून फेरतपासणीस पाठवावेत.

"आज बदल नाही केला तर चालणार नाही, मॅडम," ते म्हणाले. "अकराला पहिला फीडर वीजवाले बाहेरूनच बंद करतायत, त्यांची दुरुस्ती आहे. पंप थांबले तर अर्ध्या शहराचे नळ कोरडे. माझी कातडी सोलतील लोक."

"मग लांबून करा. त्या खोलीत कोणी नको."

इंजिनिअरनी कपाळ चोळलं. लांबून करायची सोय होती, दुसऱ्या इमारतीतून. वापरत कोणी नसे. ऑपरेटर मघापासून दारात उभा होता. फोनवरून वाटला तसा जाड नव्हता तो, हडकुळा होता, आणि रात्रभर दारात बसल्यासारखे डोळे लाल होते. "साहेब, टेबल तर बाहेर काढू या," तो म्हणाला. त्याच्यामागोमाग ती स्विचघराच्या खोलीत शिरली आणि टेबलाला एका बाजूने तो लागला, दुसऱ्या बाजूने ती. पॅनेलची लोखंडी दारं करड्या रंगाची, नवी कोरी, आणि आतून बारीक एकसुरी गुणगुण. पाठीचा कणा तिला स्वतःचा वाटेना. तीन नंबरसमोरून जाताना तिला कळत होतं की आता, या क्षणी, बंद-चालू होत नाहीये, म्हणून तसा धोका कमी. कळत होतं, आणि मान आपोआप खांद्यांत रुतत होती. ऑपरेटरच्या खणात काहीतरी खुळखुळलं आणि दोघांनीही एकदम टेबल खाली टेकवलं. मग एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा उचललं.

अकराला ती तिघं दुसऱ्या इमारतीत होती. खिडकीतून अंगणापलीकडे स्विचघराचं दार दिसत होतं. पंप थांबले. इतक्या मोठ्या आवाजानंतरची शांतता कानात दुखते हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, फुटावं. आणि लगेच वाटलं, देवा, नको, फुटू नये. फुटलं तर आपण खऱ्या, नाही फुटलं तर माणसं सुखरूप, आणि या दोन इच्छा एकाच छातीत शेजारीशेजारी बसल्यात याची तिला स्वतःचीच शिसारी आली. इंजिनिअरनी बटण दाबलं.

दूर कुठेतरी खट्‌ झालं. मग पंप सुरू झाले, एक, मग दुसरा, मग तिसरा. बस्स. स्विचघराचं दार जसंच्या तसं.

"झालं," इंजिनिअर म्हणाले. त्यांनी श्वास सोडला आणि ते अगदी मनापासून हसले. "बघा, काही झालं नाही."

आता तिला हो म्हणून उठता आलं असतं. पत्र अजून त्यांच्यासमोरच पडलेलं होतं, आवक रजिस्टरमध्ये नोंदही झालेली नव्हती. साहेबांचं ते टोपण, आईचं बरं, आपलं घर, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "आज काही झालं नाही," ती म्हणाली. "पुढच्या बुधवारचं मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. काढायला हवेत."

"तुम्हाला इतकी भीती वाटते?"

"हो," ती म्हणाली. "मला भीती वाटते." आवाज चिरकला आणि तिने तो चिरकू दिला.

इंजिनिअर हसायचे थांबले. त्यांनी पत्र जवळ ओढलं, आवकचा शिक्का मारला आणि त्याखाली तारीख घातली.

बेचाळीस तुकडे काढायला अकरा दिवस लागले. एकेक पॅनेल बंद ठेवून, पंप अर्धे चालवून, लोकांच्या शिव्या खाऊन. लॅबवर चौकशी आली. तिची सहीची परवानगी वर्षभरासाठी गेली. तपासणी करायची, कागदावर दुसऱ्याने सही करायची. नव्या सहीवाल्याला ती पहिल्या दिवशी 'सर' म्हणाली आणि तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगा लाजून लाल झाला. फेरतपासणी तिने आणि काकांनी मिळून केली. प्रत्येक शॉटनंतर पुसणं, वीस मिनिटं थांबणं, पुन्हा शॉट. या वेळी बारा दिवस लागले. काचेवरून पावलं टाकावीत तशी ती त्या हॉलमध्ये वावरली. सदतीस टिकले. पाच टिकले नाहीत. ठिणगी पाचांच्याही अंगावरून आरामात चालत गेली. नंतर कारखान्याने कबूल केलं की त्या खेपेतली काही राळ नीट पिकली नव्हती. त्या पाचांचे आकडे तिला तोंडपाठ झाले: चार, सतरा, अठरा, एकतीस, चाळीस.

त्यानंतर आठवड्याने, दुपारी, फोन वाजला. मागे मोटारींची घरघर होती.

"मॅडम, मी. पंपिंगवरचा."

"बोला. कसे आहात?"

"बरा आहे. नवे तुकडे बसले सगळे. टेबलही आत घेतलं, साहेबच म्हणाले, आता घ्या." तो थांबला. "पाच गेले म्हणे."

"हो."

"मी काय विचारतो… काढताना आम्ही यादी केली होती, कुठला नंबर कुठे बसला होता त्याची. ती तुमच्याकडे आली असेल."

"आलीय."

"तीन नंबरच्या पॅनेलमध्ये, खालच्या ओळीत, मधला. माझ्या खुर्चीच्या बरोब्बर मागे यायचा तो. तो पाचांतला होता का, बघता?"

यादी फायलीतच होती. तिने ती काढली, पॅनेल तीन शोधलं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सरकवत मधल्या रकान्याशी आणलं. मोटारी घरघरत होत्या. हॉलमध्ये काका कुणाला तरी दार नीट ओढायला सांगत होते.

"थांबा," तो एकदम म्हणाला. "नको. राहू द्या. नका सांगू. रोज त्याच खोलीत बसायचंय मला."

तिचं बोट सतरावर होतं. तिने यादी उलटी करून ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला.

"बरं," ती म्हणाली. "नाही सांगत."